नारळीकर शास्त्रज्ञ म्हणून मोठेच, पण कथाकार म्हणून?

कट्टेकरी: मे २०२५ मध्ये जयंत नारळीकर गेले तेव्हापासून जो तो त्यांना मराठी विज्ञानकथेचा बादशहा म्हणतोय. ब्रिटिश खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉइलसोबतचं काम, १९७२ ला केंब्रिज सोडून मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत (टीआयएफआर) येणं, मग पुण्यात आयुका ही खगोलशास्त्राची संस्था उभी करणं, यावर दुमत नाहीच. पण कथा? पात्रं नावापुरती, एकाने विचारायचं आणि दुसऱ्याने समजावायचं. शास्त्रज्ञ म्हणून नाव होतं म्हणून छापून आल्या, दुसऱ्या कोणी लिहिल्या असत्या तर साभार परत आल्या असत्या असं मला तरी वाटतं.

रात्रपाळी: अहो, झालंय नेमकं उलटं! १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला 'कृष्णविवर' पाठवली ती नारायण विनायक जगताप या नावाने, आणि अक्षर ओळखू येऊ नये म्हणून पत्नी मंगलाताईंकडून लिहून घेऊन. पहिलं बक्षीस मिळालं. परीक्षकांसमोर केंब्रिजही नव्हतं आणि हॉइलही नव्हते, मग नावामुळे कसं काय?

पानवाचक: कट्टेकरींशी सहमत. स्पर्धा विज्ञान परिषदेची, तिथे विज्ञानाला मार्क मिळणारच. माणसं कुठायत त्या कथांमध्ये?

आडवाट: 'गंगाधरपंतांचे पानिपत' वाचा की परत. पंत इतिहासाचे प्राध्यापक, अपघात होतो आणि पोचतात कुठे तर मराठे पानिपत जिंकले त्या जगात. सगळे बखरीचं तेवढं लक्षात ठेवतात, की गोळी विश्वासरावांच्या कानाला चाटून गेली. पण मला आवडतो सभेचा प्रसंग. स्टेजवर अध्यक्षाची खुर्ची रिकामी, कारण त्या जगात अध्यक्ष ही भानगडच लोकांनी बंद केलीय, आणि आयुष्यभर अध्यक्षपदं भूषवलेल्या या माणसाला ते बघवत नाही. जाऊन बसतात, लोक ओरडतात, फेकाफेक करतात तरी उठत नाहीत. एका खुर्चीवरून अख्खा माणूस कळतो, याला व्यक्तिचित्रण नाही तर काय म्हणायचं?

कट्टेकरी: खुर्चीचं मान्य, तो प्रसंग जबरदस्तच आहे. पण त्याच कथेत शेवटी मित्र येतो आणि पंतांना कॅटास्ट्रॉफी थिअरी (छोट्या बदलातून एकदम मोठी उलथापालथ कशी होते त्याचं गणित) आणि क्वांटम फिजिक्स समजावून सांगत बसतो. तिथे कथाकार संपतो आणि लेक्चर चालू होतं, माझी तक्रार ती आहे.

रात्रपाळी: ते काढलं तर उरेल नुसतं स्वप्नरंजन, पानिपत जिंकलो असतो तर किती बरं झालं असतं टाईप. पंतांच्या खिशात त्या दुसऱ्या जगातल्या बखरीचं फाटलेलं पान सापडतं, त्याचा हिशोब कोणीतरी द्यायला नको? मला तर शाळेत असताना तेच लेक्चर वाचून फिजिक्सची गोडी लागली.