टेक्सासमध्ये बनवलेल्या बंदुकीच्या सायलेन्सरला अमेरिकेच्या केंद्राचा कायदा लागू होत नाही, हे खरं आहे का?

भोसरी_टर्निंग

नमस्कार मंडळी. भोसरी एमआयडीसीत माझं छोटं वर्कशॉप आहे. दोन लेथ, एक व्हीएमसी, हायड्रॉलिक फिटिंगचं जॉबवर्क. एकतीस वर्षं हेच करतोय. कायद्यातलं मला फारसं कळत नाही, म्हणून इथे विचारतोय. जरा मोठं लिहितोय, पण शेवटपर्यंत वाचा, कारण घरातल्या मुलाचा प्रश्न आहे.

माझा भाचा ऑस्टिनजवळ असतो, एच-वन-बी व्हिसावर. गेल्या रविवारी रात्री त्याने व्हॉट्सॲपवर एक ड्रॉइंग पाठवलं. "मामा, सायलेन्सरच्या आतले कप आहेत, पाच सॅम्पल काढून ठेव, डिसेंबरमध्ये आलो की घेऊन जाईन." मला वाटलं बुलेटचा सायलेन्सर असेल, त्याला मोटरसायकलचा नाद आहेच. सोमवारी प्रिंट काढून ऑपरेटरला दिली. तो माझ्याकडे बावीस वर्षं आहे, त्याचे वडील खडकीच्या दारूगोळा कारखान्यातून रिटायर झाले. त्याने प्रिंट उजेडाकडे धरली, मधल्या भोकावर बोट ठेवलं आणि टॉलरन्स वाचला. मग म्हणाला, "साहेब, गाडीच्या सायलेन्सरला इतकं सरळ भोक कोणी मागत नाही. हे बंदुकीचं आहे."

जॉब लावला नाही. प्रिंट ड्रॉवरमध्ये ठेवून कुलूप घातलं.

रात्री भाच्याला फोन केला. तो अगदी शांतपणे म्हणाला, "मामा, इथे २०२१ सालचा कायदा आहे. टेक्सासमध्ये बनवला, टेक्सासमध्येच ठेवला आणि वर 'मेड इन टेक्सास' कोरलं, की केंद्राची नोंदणी लागत नाही." मुलगा खोटं बोलणारा नाही. नेमबाजीच्या रेंजवरच्या मित्रांनी सांगितलं आणि त्याने विश्वास ठेवला. माझ्या बहिणीला यातलं काही माहीत नाही. राज्य असा कायदा करू शकतं का? आणि मी ते कप काढून दिले तर?

शिवाजीनगर_कोर्ट

दादा, तुमच्या ऑपरेटरचे आधी आभार माना. शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण तो तुमच्या गळ्याशी आहे.

आपल्या १९५९च्या शस्त्र कायद्यात 'बंदूक' या शब्दाच्या व्याख्येतच आवाज किंवा जाळ कमी करणारं उपकरण आणि बंदुकीचे सुटे भाग येतात. म्हणजे तो कप तुमच्या लेथवर निघाला, की कायद्याच्या भाषेत तुम्ही परवान्याशिवाय बंदूक बनवली. २०१९च्या दुरुस्तीनंतर त्याला कमीत कमी सात वर्षं, जास्तीत जास्त जन्मठेप. "भाच्यासाठी सॅम्पल काढलं" हा बचाव नाही. ते ड्रॉइंग कोणाला फॉरवर्ड करू नका.

आता अमेरिका. भाचा म्हणतो तो कायदा खरोखर आहे. ही कल्पना मोंटाना राज्यातून आली. गॅरी मारबट हे तिथल्या नेमबाज संघटनेचे अध्यक्ष. त्यांच्या प्रयत्नातून २००९च्या एप्रिलमध्ये कायदा झाला आणि गव्हर्नर ब्रायन श्वाइत्झर यांनी सही केली. मांडणी अशी: केंद्राचा बंदुकीवरचा अधिकार आंतरराज्य व्यापारातून येतो. बंदूक राज्यातच बनली, राज्यातच विकली, राज्याबाहेर गेलीच नाही, तर व्यापार आंतरराज्य कुठे झाला? टेनेसीने त्याच वर्षी तसाच कायदा केला, पुढे युटा, वायोमिंग, आयडाहो वगैरे राज्यं आली. केंद्राच्या बंदूक खात्याने, म्हणजे एटीएफने, मोंटाना आणि टेनेसीतल्या परवानाधारक दुकानदारांना लगेच पत्र पाठवून कळवलं की केंद्राचे नियम पूर्वीसारखेच लागू आहेत.

मारबट यांना 'मोंटाना बकारू' नावाची छोटी रायफल केंद्राच्या परवान्याशिवाय बनवायची होती. माझ्या मते त्यांनी योग्य मार्ग धरला: आधी बनवून मोकळे झाले नाहीत, कोर्टात गेले. २०१३ साली नवव्या सर्किटच्या, म्हणजे मोंटानासह काही राज्यांसाठीच्या, अपील कोर्टाने त्यांच्या विरुद्ध निकाल दिला. २०१४ साली सुप्रीम कोर्टाने प्रकरण ऐकायलाच नकार दिला.

का हरले, तर त्याचं मूळ गव्हात आहे. ओहायोत फिलबर्न नावाचा शेतकरी होता. सरकारने त्याला ११.१ एकर गव्हाची मर्यादा घातली होती, त्याने २३ एकर पेरला. म्हणाला, जादा गहू माझ्या जनावरांना आणि घरच्या भाकरीला आहे. १९४२ साली सुप्रीम कोर्टाने सांगितलं, घरचा गहू खाल्ला म्हणजे बाजारातून तेवढा कमी घेतला, आणि असे सगळेच वागले तर देशभरचा भाव हलतो, म्हणून केंद्राचा अधिकार चालतो. २००५ साली कॅलिफोर्नियात घरी लावलेल्या औषधी गांजालाही हाच न्याय लागला. मारबट यांची रायफल त्याच रांगेत गेली.

आपल्याकडे हा वाद उभाच राहत नाही. सातव्या परिशिष्टात केंद्र सूचीची पाचवी नोंद म्हणजे शस्त्रं, दारूगोळा, स्फोटकं. मुंबईच्या विधानसभेने उद्या 'महाराष्ट्रात बनवलेली बंदूक मोकळी' असा ठराव केला तरी तो कागदच राहील.

प्लेनो_आजी

मी टेक्सासमध्ये एकोणीस वर्षं आहे, मूळची कोथरूडची. इथल्या लोकांची बाजूही सांगते, कारण हे लोक गुन्हेगार नाहीत. शेजारी रानडुकरं मारायला जातात, शेतं उकरून ठेवतात ती डुकरं. कानाला इजा होऊ नये म्हणून सायलेन्सर हवा, इतका साधा हेतू असतो. १९३४ पासून त्यावर २०० डॉलर कर आणि केंद्राकडे नोंदणी. २०२६च्या जानेवारीपासून सायलेन्सरवरचा तो कर शून्य झाला. नोंदणी मात्र तशीच आहे, आणि बनवण्याआधी मंजुरीही लागतेच. लोक या दोन गोष्टींत गल्लत करतात.

दुसरं, जास्त काळजीचं. मुलगा एच-वन-बीवर आहे. तात्पुरत्या व्हिसावरच्या माणसाला बंदूक किंवा गोळी जवळ बाळगायला केंद्राच्या कायद्याने मनाई आहे. शिकारीचा वैध परवाना असेल तर सूट मिळते, असे मोजकेच अपवाद. आणि इथल्या कायद्यातही सायलेन्सर 'बंदूक' याच व्याख्येत मोडतो. रेंजवरचे मित्र नागरिक असतील, त्यांना हा प्रश्न कधी पडलेलाच नसतो. त्याला पहिल्यांदा हे विचारा.

भोसरी_टर्निंग

ताई, हे मला अजिबात माहीत नव्हतं. हात गार पडले वाचून.

वकीलसाहेब, भाच्याशी पुन्हा बोललो. तो म्हणतो मोंटानाचा निकाल टेक्सासला लागू नाही, आणि टेक्सासच्या कायद्यावर कोर्टाने 'चूक' असं म्हटलेलंच नाही. हे खरं आहे?

शिवाजीनगर_कोर्ट

अर्धं खरं आहे, आणि अर्ध्या खऱ्यावरच माणसं अडकतात.

टेक्सासच्या कायद्यातच एक पायरी लिहिलेली आहे: ज्याला असा सायलेन्सर बनवायचा आहे त्याने आधी राज्याच्या ॲटर्नी जनरलना, म्हणजे मुख्य सरकारी वकिलांना, लेखी कळवायचं, मग त्यांनी केंद्राच्या कोर्टातून निवाडा मागायचा. म्हणजे कायदा करणाऱ्यांनाही ठाऊक होतं की नुसतं कोरून भागणार नाही. ॲटर्नी जनरल केन पॅक्स्टन यांनी २०२२ साली दावा लावला. खालच्या कोर्टात हरले, २०२४ साली पाचव्या सर्किटमध्ये, म्हणजे टेक्सासवरच्या अपील कोर्टातही हरले. कोर्टाने म्हटलं, दावा करण्याइतकं नुकसान तुम्ही दाखवलेलं नाही. मूळ मुद्द्याला हात लावला नाही, हे भाच्याचं बरोबर. पण निवाडा मिळाला नाही, म्हणजे केंद्राचा कायदा जिथे होता तिथेच आहे.

त्याला कॅन्ससचं प्रकरण वाचायला सांगा. २०१३ साली तिथे असाच कायदा झाला, आणि त्यात तर केंद्राच्या अधिकाऱ्यांनी आपला कायदा लावला तर तो गुन्हा, असं राज्याने लिहिलं होतं. शनूट गावातल्या एका दुकानदाराने त्या भरवशावर सायलेन्सर बनवून विकले. एकाने विकत घेतला, तो माजी सैनिक होता. दोघांवर केंद्राने खटला भरला आणि दोघेही दोषी ठरले. "आमच्या राज्याच्या कायद्यावर विश्वास ठेवला" हे म्हणणं दहाव्या सर्किटने २०१८ साली फेटाळलं. २०१९ साली सुप्रीम कोर्टाने दार उघडलं नाही. दोघांना तुरुंग टळला, देखरेखीवर सोडलं, पण गुन्हा नावावर राहिला. ते अमेरिकेचे नागरिक होते. व्हिसावरच्या मुलाला शस्त्राचा गुन्हा नावावर लागला तर परत पाठवणं ओघानेच येतं.

राज्यांच्या हातात एक गोष्ट खरोखर आहे. तिथल्या सुप्रीम कोर्टाच्या १९९७च्या प्रिंट्झ निकालाप्रमाणे केंद्र राज्याच्या पोलिसांना आपल्या कामाला जुंपू शकत नाही. टेक्सासचा शेरीफ, म्हणजे तिथला स्थानिक पोलीसप्रमुख, मदत नाकारू शकतो. पण एटीएफचा अधिकारी त्याच्या परवानगीशिवाय दारात येतो.

म्हाळुंगे_रेंज

बालेवाडीत मुलांना एअर रायफल शिकवतो. एकच भर घालतो. सूट मिळू शकते, पण ती ज्याचा अधिकार आहे त्याच्याकडून. कर्नाटकातल्या कोडगूच्या कोडवा समाजाला बंदुकीच्या परवान्यातून सूट आहे, ती ब्रिटिश काळापासून चालत आली आणि सध्या २०२९ पर्यंत वाढवलेली आहे. ती कर्नाटकने दिलेली नाही, दिल्लीच्या अधिसूचनेने मिळाली आहे.

भोसरी_टर्निंग

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री दीड तास बोललो. व्हिसाचा मुद्दा सांगितला तेव्हा तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "मामा, मी सायलेन्सरची नळी अजून मागवलेली नाही." ती मागवणार नाही असं त्याने शब्द देऊन सांगितलं, आणि तिथल्या एका इमिग्रेशन वकिलाची वेळ घेतली आहे, कारण रेंजवर भाड्याची बंदूक चालवली तेही चालतं का हे त्याला विचारायचं आहे.

प्रिंट आज सकाळी ऑपरेटरच्या समोर फाडली, फोनमधूनही काढून टाकली. बहिणीला रविवारी चिंचवडला जाऊन सांगणार आहे. फोनवर सांगण्यासारखं नाही ते.