रेस ऑफ चॅम्पियन्स: आतली लेन जवळची नाही का?

गिअरवेडा: वेगवेगळ्या मोटरस्पोर्टमधल्या ड्रायव्हरांच्या या शर्यतीत दोघं शेजारच्या लेनमधून सुटतात. मग आतल्याला फायदाच ना?

स्टिअरिंग: नाही. पुलावरून लेन एकमेकींना ओलांडतात. पहिल्या फेरीत आत असलेला दुसरीत बाहेर, त्यामुळे अंतर सारखंच. गाड्याही सारख्याच.

गिअरवेडा: आणि २०२२ला स्वीडनमध्ये रॅलीवाल्या लोएबनं फॉर्म्युला वनच्या व्हेटेलला हरवलं, ते कसं?

चिखलगाडी: गोठलेला समुद्र, खिळ्यांचे टायर! डांबरावरचा ड्रायव्हर पकड मिळेपर्यंत थांबतो आणि वळणाच्या बाहेरच्या बाजूला रुंद जातो. रॅलीवाला वळणाआधीच डाव्या पायानं ब्रेक दाबून वजन पुढे आणतो, मागची बाजू सरकवतो, नाक आत आलं की थ्रॉटल (अ‍ॅक्सिलरेटर).

स्टिअरिंग: शिवाय खिळे बर्फ उकरतात, चर पडतात. सकाळची लाइन (गाडी नेण्याचा मार्ग) दुपारी चालत नाही.