कुशल कामगार व्हिसाचे नवे नियम: दारव्हा तालुक्यातून आलेले प्रश्न

प्रेषक: दारव्हा, जि. यवतमाळ
दिनांक: १० जानेवारी २०२६

मंडळातल्या सगळ्या भाऊ-ताईंना नमस्कार.

इंग्लंडच्या व्हिसाबद्दल आमच्या भागात ज्याला त्याला वेगळंच सांगितलं जात आहे. चार घरांनी मला विचारलं, म्हणून तुमच्यापुढे ठेवतो.

पहिलं घर सगळ्यात घाईत आहे. पोट्टा बारावी झालेला. एजंट म्हणतो, केअर होममध्ये काम पक्कं, एकूण अठरा लाख, त्यातले सहा आता. बाप दोन एकर वावर विकायला निघाला आहे. दुसरी मुलगी जीएनएम करून यवतमाळला नर्स आहे. तिसरा मुलगा अमरावती विद्यापीठाचा इंजिनिअर, वय २५. त्याला एका सॉफ्टवेअर कंपनीचं ३९,००० पौंडांचं पत्र आलं आहे, वर ओव्हरटाइम वेगळा. चौथं कुटुंब २०२३ पासून तिकडेच केअरच्या कामावर आहे, बायको आणि लेकरू सोबत. कायमचा परवाना आता पंधरा वर्षांनी, असं त्यांच्या कानावर आलं. हे खरं काय? आणि झालं असेल तर काहून झालं?

वावराचा सौदा आठ दिवसांवर आहे, म्हणून उत्तर लवकर द्यावं ही विनंती.

---

प्रेषक: लेस्टर (मूळ वणी)
दिनांक: १० जानेवारी २०२६

गुरुजी, नमस्कार.

आधी वावराचं. त्या वडिलांना आजच सांगा, सौदा थांबवा. केअर होमच्या कामासाठी परदेशातून नवीन माणूस घ्यायचा रस्ता २२ जुलै २०२५ पासून बंद आहे. ६१३५ आणि ६१३६ हे त्या कामाचे कोड. या दोन कोडांवर भारतात बसून कुणालाही नवा व्हिसा मिळत नाही, मग मालक कितीही खरा असो. इथे आधीपासून वेगळ्या व्हिसावर असलेल्यांना २२ जुलै २०२८ पर्यंत केअरमध्ये बदलता येतं, पण त्यांनी त्याच मालकाकडे निदान तीन महिने कायदेशीर काम केलेलं असावं लागतं. दारव्ह्यातल्या मुलाला याचा काही उपयोग नाही.

एजंट कदाचित पुढे म्हणेल, 'आधी व्हिजिटर व्हिसावर जा, तिकडे गेल्यावर बदलून घेऊ.' तसं बदलता येत नाही. व्हिजिटर व्हिसावरून इथल्या इथे कामाच्या व्हिसावर जायची सोयच नियमात नाही. आणि अर्जात खोटा कागद सापडला तर दहा वर्षांपर्यंत पुढचे अर्ज नाकारले जातात. अठरा लाख जातील ते वेगळेच.

आता सगळ्यांसाठी. जमिनीच्या व्यवहारात आपण आधी गट नंबर विचारतो, तसा इथे नोकरीचा चार आकडी कोड आधी विचारा. कामाची पातळी, किमान पगार, बायको-मुलांना नेता येतं की नाही, सगळं त्या कोडावर ठरतं. एजंट कोड सांगायला टाळत असेल तर बोलणं तिथेच संपवा.

२२ जुलै २०२५ पासून नवीन माणसासाठी काम पदवीच्या पातळीचं असावं लागतं. आधी बारावीच्या पातळीची कामंही चालत. त्यामुळे आचारी, हॉटेलमधले मॅनेजर अशी बरीच कामं बाहेर गेली. हॉटेल मॅनेजमेंट केलेल्या पोरांनाही हे कळवा. पदवीखालची काही कामं टंचाईच्या यादीत तात्पुरती ठेवली आहेत, पण तात्पुरत्या यादीची मुदत २०२६ अखेरपर्यंतच आहे आणि त्या कामांवर नव्याने येणाऱ्याला कुटुंब आणता येत नाही.

इंजिनिअर मुलाचं. साधारण किमान वार्षिक पगार एप्रिल २०२४ मध्ये २६,२०० वरून ३८,७०० पौंडांवर नेला, आणि जुलै २०२५ पासून तो ४१,७०० झाला. त्याशिवाय प्रत्येक कोडाचा आपला ठरलेला दर असतो; दोन्हीपैकी जो मोठा तो लागतो. ओव्हरटाइम, बोनस, घरभाडं यात धरत नाहीत. ३९,००० वर ओव्हरटाइम जोडून ४३,००० दाखवलं तरी अधिकारी ३९,०००च मोजणार. ३८,७०० चा जुना आकडा डोक्यात ठेवून काढलेली पत्रं अजून फिरताहेत, हेही पत्र त्यातलंच दिसतं.

पण त्याचं वय २५ आहे, ही जमेची बाजू. अर्जाच्या दिवशी २६ पूर्ण नसतील तर त्याला नवोदित म्हणून सवलत बसू शकते. त्यात किमान ३३,४०० पौंड आणि कोडाच्या दराच्या ७० टक्के, यातला मोठा आकडा. ही सवलत जास्तीत जास्त चार वर्षं, पुढे पूर्ण पगार हवा. मालकाला सीओएसमध्ये, म्हणजे व्हिसासाठी मालक देतो त्या प्रायोजकत्वाच्या दाखल्यात, ही सवलत स्पष्ट नोंदवायला सांगा आणि अर्ज वाढदिवसाच्या आत करा.

इंग्रजीचं ८ जानेवारी २०२६ पासून बदललं. नव्या अर्जदाराला इंग्रजीची बी१ ऐवजी बी२ ही वरची पातळी लागते, वाचन, लेखन, ऐकणं, बोलणं या चारही भागांत. आयईएलटीएसच्या भाषेत प्रत्येक भागात ५.५, एका भागात ५ आले तर बाकीचे ७ असूनही भागत नाही. परीक्षा 'आयईएलटीएस फॉर यूकेव्हीआय' (यूकेव्हीआय म्हणजे इथलं व्हिसा खातं) हीच द्यायची. साधी अ‍ॅकॅडमिक परीक्षा देऊन बसलेली मुलं इथेच अडकतात, कारण व्हिसाला ती चालत नाही. त्याची पदवी इंग्रजी माध्यमातली असेल तर परीक्षा टळू शकते, पण विद्यापीठाचं माध्यमाचं पत्र थेट जोडून चालत नाही. ते एक्टिस या संस्थेकडून तपासून घ्यावं लागतं. त्याला वेळ लागतो, म्हणून नोकरी पक्की व्हायच्या आधीच सुरू करावं.

खर्चाचंही सांगून ठेवतो. एप्रिल २०२५ च्या दरांनी तीन वर्षांपर्यंतच्या व्हिसाची फी ७६९ पौंड, आणि आरोग्य अधिभार वर्षाला १,०३५. तीन वर्षांचे मिळून ३,८७४ होतात आणि ते अर्जासोबत एकरकमी भरायचे असतात. मालकाचा खर्च वेगळा: सीओएसची फी ५२५ पौंड, आणि १६ डिसेंबर २०२५ पासून मोठ्या कंपनीला माणशी वर्षाला १,३२० पौंड कौशल्य आकार. हे दोन्ही मालकाने स्वतः भरायचे. कामगाराकडून वसूल करणं नियमाविरुद्ध आहे आणि त्यापायी मालकाचा परदेशी कामगार घ्यायचा परवाना जाऊ शकतो. म्हणजे कुणी 'सीओएसचे बारा लाख' म्हणालं तर तो विकायचा माल नाही, हे समोरच्यालाही ठाऊक असतं.

एजंट तपासायची रीत सोपी आहे. १९८३ च्या उत्प्रवास कायद्याप्रमाणे परदेशी नोकरीसाठी माणसं पाठवणाऱ्याकडे केंद्र सरकारची नोंदणी हवी. ई-मायग्रेट संकेतस्थळावर नोंदणीकृत एजंटांची यादी आहे. त्यांना कामगाराकडून जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि त्यावरचा जीएसटी घेता येतो. ३०,००० कुठे आणि अठरा लाख कुठे. मालकाचं नाव ब्रिटिश सरकारच्या परवानाधारकांच्या यादीत बघता येतं, मात्र यादीत नाव असणं म्हणजे नोकरी खरी असं नाही. खऱ्या कंपन्यांची नावं वापरून खोटी पत्रं काढतात. म्हणून कंपनीच्या संकेतस्थळावरचा फोन स्वतः शोधून लावा. पत्रावरचा लावू नका.

---

प्रेषक: बर्मिंगहॅम (मूळ पुसद), नर्सिंग गट
दिनांक: ११ जानेवारी २०२६

गुरुजी, नमस्कार. नर्स मुलीचं मी लिहिते.

तिचा रस्ता उघडा आहे. नोंदणीकृत नर्सचं काम पदवी पातळीत धरतात, त्यामुळे जुलैच्या बदलाने ते गेलेलं नाही, आणि तिला नवरा-मुलांना आणता येतं. जीएनएम चालतं, एएनएम चालत नाही. ४१,७०० चा आकडाही तिला लागत नाही. एनएचएसच्या, म्हणजे इथल्या सरकारी आरोग्य सेवेच्या, राष्ट्रीय वेतनश्रेणीतल्या नर्ससाठी वेगळा नियम आहे. इंग्लंडमध्ये बँड ५ ची सुरुवात २०२५-२६ साठी ३१,०४९ पौंड आहे. आरोग्य व्हिसाची फी तीन वर्षांपर्यंत ३०४ पौंड, आणि वार्षिक आरोग्य अधिभार माफ.

क्रम मात्र चुकवू नका. आधी इंग्रजी, कारण बहुतेक जणी तिथेच अडतात. इथली नर्सिंग कौन्सिल व्हिसापेक्षा जास्त मागते: आयईएलटीएसमध्ये लेखनात ६.५ आणि बाकी तिन्हीत ७, किंवा ओईटी या आरोग्य क्षेत्रातल्यांच्या इंग्रजी परीक्षेत लेखनात सी प्लस आणि बाकी बी. मराठी माध्यमातून आलेल्या मुलींना ओईटी बरी पडते. तिथे रुग्णाची माहिती वाचून डॉक्टरला पत्र लिहायचं असतं, आणि ते काम त्या रोज करतात. कौन्सिलने इंग्रजी मान्य केलं की व्हिसासाठी वेगळी परीक्षा नाही.

मग कौन्सिलचा ऑनलाइन अर्ज आणि सीबीटी ही संगणकावरची परीक्षा, जी भारतातच होते. तिचे दोन भाग: औषधांचे हिशोब आणि नर्सिंग. हिशोबाच्या भागाकडे दुर्लक्ष करू नये, ड्रिपचे थेंब आणि मिलिग्रॅम रोज सोडवावेत. सोबतच महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडून नोंदणीची पडताळणी मागवायची. ती थेट कौन्सिलकडून कौन्सिलला जाते. ओएससीई ही दहा टप्प्यांची प्रात्यक्षिक परीक्षा इथे आल्यावर. ती होईपर्यंत पगार खालच्या बँडचा असतो, हे घरच्यांना आधी सांगा.

खरी अडचण जागांची आहे. एनएचएस ट्रस्टांनी परदेशी भरती बरीच कमी केली आहे. नियमात बसूनही नोकरी मिळायला वेळ लागेल. म्हणून इंग्रजीच्या निकालाची दोन वर्षांची मुदत डोळ्यासमोर ठेवून परीक्षेची वेळ ठरवावी.

---

प्रेषक: लेस्टर (मूळ वणी)
दिनांक: ११ जानेवारी २०२६

चौथ्या कुटुंबाचं राहिलं होतं.

पंधरा वर्षांची गोष्ट हवेतली नाही, पण आज तो नियमही नाही. मे २०२५ च्या श्वेतपत्रिकेत सरकारने कायम वास्तव्याचा पाया पाच वर्षांवरून दहावर न्यायचं जाहीर केलं. २० नोव्हेंबर २०२५ ला त्याचा तपशीलवार प्रस्ताव आला. त्यात पदवी पातळीखालच्या कामांना, म्हणजे केअर कामगारांनाही, पंधरा वर्षं आहेत. जास्त कमाईवाल्यांना वर्षं कमी: ५०,२७० पौंडांच्या वर पाच कमी, १,२५,१४० च्या वर सात कमी. एनएचएसच्या डॉक्टर-नर्सना पाच वर्षांतच. सरकारी मदत घेतलेल्यांची वर्षं वाढतात. आणि आधीपासून इथे असलेल्यांनाही हे लावायचा सरकारचा विचार आहे. त्यांच्यासाठी संक्रमणाची सवलत असावी का, हा प्रश्न सरकारनेच सूचनांसाठी ठेवला आहे. सूचनांची मुदत १२ फेब्रुवारी २०२६.

हे मला अन्यायाचं वाटतं. २०२३ मध्ये पाच वर्षांचा नियम वाचून ही माणसं आली, त्यावर त्यांनी मुलांच्या शाळा आणि कर्जं ठरवली. हे सरकारला लेखी कळवलं पाहिजे. सूचना कुणीही ऑनलाइन देऊ शकतो, नागरिक असायची गरज नाही. त्या कुटुंबाने स्वतः भरावी: कधी आलो, काय काम, काय ऐकून आलो, मुलं कितवीत. एकच मजकूर शंभर जणांनी चिकटवण्यापेक्षा आपल्या शब्दांतली एक सूचना जास्त वजनाची ठरते.

तोवर त्यांनी हातातलं पक्कं करावं. ११ मार्च २०२४ च्या आधी आलेली बायको आणि मूल राहू शकतात, व्हिसाही वाढवता येतो. 'लाइफ इन द यूके' परीक्षा आताच द्यावी: २४ प्रश्न, ४५ मिनिटं, १८ बरोबर हवेत. तिचा निकाल कालबाह्य होत नाही. इंग्रजी बी२ ची तयारी दोघांनीही करावी, कारण प्रस्तावात जोडीदाराची पात्रता स्वतंत्र तपासायची आहे. बायकोच्या नावावर पगाराच्या चिठ्ठ्या असतील तर त्या एकही टाकू नका.

गावी येण्याचा हिशोबही ठेवावा. कोणत्याही सलग बारा महिन्यांत १८० दिवसांपेक्षा जास्त बाहेर राहिलं की कायम परवान्याचा सलगपणा तुटतो. निघायचा आणि पोचायचा दिवस यात धरत नाहीत.

शेवटचं, मालकाचा परवाना रद्द झाला तर गृहखात्याचं पत्र येतं आणि साधारण ६० दिवस मिळतात. केअर क्षेत्रात हे वारंवार घडतंय. ते पत्र ईमेलवर येतं, म्हणून यूकेव्हीआयच्या खात्यातला ईमेल आणि फोन आजच तपासावा. जुना नंबर राहिला तर पत्र आल्याचं कळतच नाही आणि दिवस निघून जातात.

---

प्रेषक: दारव्हा, जि. यवतमाळ
दिनांक: १३ जानेवारी २०२६

फार उपकार झाले. वावराचा सौदा थांबला, वडील आता एजंटाकडे कोड मागताहेत आणि तो फोन उचलत नाही.

नर्स मुलीच्या घरून दोन प्रश्न. नोंदणी माहेरच्या नावाने आहे, पासपोर्ट सासरच्या. आणि बँकेत दाखवायचे पैसे सासऱ्याच्या पतसंस्थेत सोयाबीनचे पडले आहेत. ते चालतील काय?

---

प्रेषक: बर्मिंगहॅम (मूळ पुसद), नर्सिंग गट
दिनांक: १३ जानेवारी २०२६

सासऱ्याच्या नावावरचे चालत नाहीत. या व्हिसाला पैसे अर्जदाराच्या किंवा सोबत अर्ज करणाऱ्या नवऱ्याच्या खात्यात हवेत. सातबाराही चालत नाही. १,२७० पौंडांइतकी रक्कम सलग २८ दिवस, एक दिवसही खाली न जाता. त्यातला शेवटचा दिवस अर्जाच्या आधीच्या ३१ दिवसांत पडला पाहिजे. पतसंस्थेतून काढून राष्ट्रीयीकृत बँकेत तिच्या नावाने टाका, त्या दिवसापासून २८ मोजा. बहुतेक रुग्णालयं सीओएसमध्ये पहिल्या महिन्याच्या खर्चाची हमी देतात. तसं असेल तर हे काहीच लागत नाही, म्हणून आधी त्यांना विचारा.

नावासाठी विवाह नोंदणीचा दाखला पुरतो. ग्रामपंचायतीत ग्रामसेवकाकडे नोंद झाली असेल तर तो दाखला ग्राह्य आहे, फक्त त्यातलं माहेरचं नाव महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलच्या नोंदीशी आणि सासरचं पासपोर्टशी अक्षर न् अक्षर जुळू द्या. आपल्याकडे शाळेच्या दाखल्यावर आडनाव आधी येतं आणि पासपोर्टवर शेवटी. तो क्रम चालतो, पण 'वानखडे'चं एका ठिकाणी 'वानखेडे' झालेलं चालत नाही. दुरुस्ती आत्ताच करा, कारण सीबीटीला ओळखपत्राचं नाव जुळलं नाही तर केंद्रावरून परत पाठवतात.

दाखला मराठीत असेल तर भाषांतर हवं. भाषांतरावर 'मूळ मजकुराचं अचूक भाषांतर' असं विधान, भाषांतरकाराचं पूर्ण नाव, सही, तारीख आणि संपर्क लिहिलेला असावा. नुसता नोटरीचा शिक्का मारून आणलेलं भाषांतर, ज्यावर भाषांतर कुणी केलं तेच नसतं, ते अडतं.

क्षयरोगाचा दाखला यूकेव्हीआयच्या यादीतल्या क्लिनिकचाच. सरकारी दवाखान्यातला एक्स-रे चांगला असला तरी चालत नाही. तो सहा महिनेच टिकतो, म्हणून सीओएस हातात आल्यावर काढा. आरोग्याच्या कामाला पोलिसांचा चारित्र्य दाखलाही लागतो. तो पासपोर्ट सेवेच्या संकेतस्थळावर मागायचा, चौकशी दारव्हा ठाण्यातून होईल. सीओएस दिल्यापासून तीन महिन्यांत वापरावा लागतो, तेव्हा तिने चारित्र्य दाखल्याचा अर्ज सीओएसची वाट न बघता नोकरीचं पत्र आलं की करावा.