कोरियनच्या (Corian) ओट्यावरचे ओरखडे कसे घालवावेत?

प्रश्न (दादर): पांढरा कोरियनचा (अ‍ॅक्रिलिक मिसळलेला कृत्रिम दगड) ओटा आहे, मॅट फिनिश. सिंकजवळ सुरीचे बारीक ओरखडे पडलेत, एक तर नखाला लागतो. घरी निघतील का?

गोरेगावकर: निघतील. कोरियनचा रंग आरपार एकच असतो. आधी ओटा धुऊन तेलकटपणा काढा. ४०० नंबरचा वॉटर पेपर (पाणी लावून वापरायचा पॉलिश पेपर; नंबर जितका मोठा तितका बारीक) ओला करून हलक्या हाताने गोल फिरवा, मग ६००, शेवटी हिरवी घासणी. फक्त ओरखड्यावरच घासत बसू नका, तिथे खड्डा पडतो आणि खिडकीच्या उजेडात लगेच दिसतो. आजूबाजूला वीतभर तरी घासा.

फॅब्रिकेटर (असे ओटे बनवणारा), ठाणे: नखाला लागणाऱ्या ओरखड्यासाठी २२० किंवा ३२० पासून सुरुवात करा. नंबर बदलताना घासून निघालेला चिखल पुसून घ्या, नाहीतर जाड कण अडकून नवेच ओरखडे उठतात. टॉर्च आडवा धरून तपासा. सुरीचा काप खूपच खोल असेल तर त्याच रंगाचा जॉइंट अ‍ॅडहेसिव्ह (सांधे जोडायचा गोंद) भरून, पूर्ण कडक झाल्यावर घासावा लागतो. ते कारागिरावर सोडा. वॉटर पेपर मुंबईत नागदेवीच्या हार्डवेअर बाजारात सगळ्या नंबरचे मिळतात.

मुलुंड: पण आधी तो ओटा क्वार्ट्झचा (दुसऱ्या प्रकारचा, कडक कृत्रिम दगड) नाही ना, ते बघा! क्वार्ट्झवर पेपर मारला की चकाकी जाते, घरी परत येत नाही.