शब्दचर्चा: इन्सुलिन रेझिस्टन्सला मराठीत काय म्हणायचं? (आणि पोटातल्या बॅक्टेरियांना?)

शब्दवेडा
आमच्या इथल्या ज्येष्ठ नागरिक संघासाठी पोटातले बॅक्टेरिया आणि डायबिटीस यावर चार पानी टिपण मराठीत करायचंय. सोपं वाटलं म्हणून हो म्हटलं आणि पहिल्याच वाक्यात अडकलो. मुद्दा असा की मोठ्या आतड्यात कुठले बॅक्टेरिया आहेत आणि ते काय खातायत यावर शरीर इन्सुलिनचं (रक्तातली साखर पेशींत घ्यायला सांगणारं हार्मोन) किती ऐकतं हे काही प्रमाणात ठरतं. आता इन्सुलिन रेझिस्टन्सला, म्हणजे पेशी इन्सुलिनचं ऐकेनाशा होतात त्याला, 'प्रतिकार' लिहू, 'प्रतिरोध' लिहू का सरळ रेझिस्टन्सच ठेवू? आणि बॅक्टेरियांना जंतू म्हटलं तर चालेल का? जाणकारांनी प्रकाश टाकावा.

कोकणी_फणस
प्रतिकार अजिबात नको. रोगप्रतिकारशक्ती या एका शब्दामुळे प्रतिकार म्हणजे चांगलंच काहीतरी हे डोक्यात इतकं पक्कं बसलंय की 'तुमचा इन्सुलिन-प्रतिकार वाढलाय' असं सांगितलं तर आमचे काका पेढे वाटतील.

लॅबउंदीर
प्रतिरोधात वेगळाच घोळ आहे. जीवाणू आणि प्रतिरोध हे दोन शब्द एका वाक्यात आले की वाचणारा थेट अँटिबायोटिक्सवर जातो, कारण पेपरात कायम 'प्रतिजैविकांना प्रतिरोध करणारे जीवाणू' हेच वाचलेलं असतं. तुमच्या टिपणात आडमुठेपणा करतायत त्या आपल्याच पेशी, यकृताच्या, स्नायूंच्या, चरबीच्या, बॅक्टेरियांचा त्याला हातभार. कर्ता कोण हे वाक्यात दिसलंच पाहिजे, नाहीतर लोक समजतील बॅक्टेरियाच इन्सुलिन खाऊन टाकतात.

सुलभाताई
अहो, आपल्याकडे आहे की चांगला वापर, 'दाद न देणे'. ताप औषधाला दाद देत नाही असं म्हणतोच ना आपण? तसं, पेशी इन्सुलिनला दाद देत नाहीत. झालं.

शब्दवेडा
ताई, दंडवत घ्या! हेच हवं होतं. मग सेन्सिटिव्हिटीचं, म्हणजे याच्या उलट, पेशी इन्सुलिनचं नीट ऐकतात त्याचं काय? संवेदनशीलता लिहिलं तर इन्सुलिनची ॲलर्जी असल्यासारखं वाटतं मला.

लॅबउंदीर
तिथेही दादच वापरा, 'पेशी इन्सुलिनला पुन्हा दाद देऊ लागल्या'. फक्त 'देत नाहीत' च्या जागी 'दाद देईनाशा होतात' करा, कारण हे हळूहळू होतं. सुरुवातीला स्वादुपिंड जास्त इन्सुलिन सोडून वेळ मारून नेतं, म्हणून कित्येक वर्षं रिपोर्टात साखर नॉर्मलच दिसते.

चिंगी_पुणे
मथळ्यात 'दाद देईनाशा होणे' कसं बसवणार पण? नाम लागतं तिथे. मी तर म्हणते मथळ्यात रेझिस्टन्स ठेवा, डॉक्टर पण तेच म्हणतात आणि फाईलवर पण तेच असतं, आत मजकुरात दाद.

कोकणी_फणस
+१. आता जंतू. जुन्या पुस्तकांत बॅक्टेरियाला सूक्ष्मजंतू असायचं, वाईट नव्हता शब्द. पण आज जंतू म्हटलं की फिनेल आठवतं, आणि 'पोटातले जंतू' म्हटलं तर अर्धे लोक जंत समजून गोळी विचारतील.

चिंगी_पुणे
जीवाणू बेस्ट. (जिवाणू नाही हं, जीवाणू. जीव अधिक अणू, तत्सम आहे, पहिला जी दीर्घ.) आणि 'पोटातले' नको, 'आतड्यातले' म्हणा, जठरात ॲसिडमुळे फारसे टिकत नाहीत, खरी वस्ती मोठ्या आतड्यात.

सुलभाताई
पोटात म्हणजे जठरात असं कोण म्हणतं गं? मराठीत पोटात म्हणजे सगळंच आलं त्यात. मथळ्यात पोट असू दे, आत आतडं लिहा.

लॅबउंदीर
जंतूवरून आठवलं, हे टिपणात घ्याच. २००४ साली अमेरिकेत सेंट लुईसला जेफ्री गॉर्डन यांच्या लॅबने पूर्णपणे जंतूविरहित वाढवलेल्या उंदरांना ('निर्जंतुक उंदीर' लिहू नका प्लीज, इंजेक्शनच्या सुईसारखं वाटतं) साध्या उंदरांच्या आतड्यातले जीवाणू दिले. १४ दिवसांत त्यांच्या अंगातली चरबी ६० टक्क्यांनी वाढली आणि इन्सुलिनला दाद देणंही कमी झालं, आणि गंमत म्हणजे ते आधीपेक्षा कमी खात होते! मग २००७ मध्ये बेल्जियमचे पॅट्रिस कानी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की उंदरांना चार आठवडे भरपूर चरबीचं खाणं दिलं तर काही जीवाणूंच्या बाहेरच्या आवरणातला एलपीएस नावाचा पदार्थ रक्तात दुप्पट-तिप्पट होतो, आणि नुसता एलपीएस थोडा थोडा रक्तात सोडला तरी उपाशीपोटीची साखर वाढते. म्हणजे खाणं बदलून आतड्याची भिंत पाझरायला लागली की ही जीवाणूंची मोडतोड आत जाते, शरीर तिला शत्रू समजून अंगभर मंद दाह चालू ठेवतं आणि त्या दाहाच्या रसायनांनी पेशींच्या आतला इन्सुलिनचा निरोप अडतो.

शब्दवेडा
इन्फ्लमेशनला दाह का सूज? डॉक्टर सूज म्हणतात.

लॅबउंदीर
सूज म्हटलं की लोक पाय दाबून बघतात. दाह म्हटलं की ॲसिडिटी. दोन्ही अर्धवट आहेत, मी 'बाहेरून न दिसणारी, सौम्य पण कायमची सूज' असं अख्खं लिहितो. लांब होतं, होऊ दे.

सुलभाताई
आणि फायबरला काय लिहिताय? तंतुमय पदार्थ हे फार पाठ्यपुस्तकी आहे. आमच्या वेळी चोथा म्हणायचे.

कोकणी_फणस
चोथा म्हणजे रस काढून उरलेलं, टाकायचं. इथे तर तोच महत्त्वाचा आहे.

लॅबउंदीर
म्हणूनच मला तो आवडतो, ठेवा. आपल्याला जो पचत नाही तो चोथा मोठ्या आतड्यात जीवाणूंचं जेवण. ते तो आंबवतात (किण्वन नको, आंबवणं सगळ्यांना कळतं) आणि त्यातनं ॲसिटेट, प्रोपिओनेट, ब्युटिरेट अशी छोटी मेदाम्लं निघतात. ब्युटिरेट हे आतड्याच्या अस्तराच्या पेशींचं मुख्य इंधन, ते मिळालं की भिंत धड राहते, शिवाय ही मेदाम्लं आतड्यातल्या काही पेशींना जीएलपी-१ सोडायला लावतात, म्हणजे जेवल्यावर इन्सुलिन वाढवणारं तेच हार्मोन ज्याची नक्कल करणारी इंजेक्शनं हल्ली सगळीकडे गाजतायत. अवांतर: ब्युटिरेट हे नाव लोण्यावरून आलंय, आणि त्याच्या आम्लाला वासही खवट लोण्याचाच येतो.

चिंगी_पुणे
मग टिपणात 'चांगले जीवाणू' आणि 'वाईट जीवाणू' असे दोन भाग कर, लोकांना लगेच कळतं.

लॅबउंदीर
नको ना! प्रेव्होटेला नावाचा जीवाणू घे. २०१६ मध्ये डेन्मार्कमध्ये डायबिटीस नसलेल्या २७७ लोकांचा अभ्यास झाला, त्यात इन्सुलिनला दाद न देणाऱ्यांच्या रक्तात ठरावीक अमिनो आम्लं (प्रथिनांचे घटक) जास्त सापडली आणि ती बनवणाऱ्यांत प्रेव्होटेला कोप्री पुढे होता. म्हणजे वाईट? पण त्याच्या एक वर्ष आधी स्वीडनमध्ये बार्लीचा ब्रेड खाऊन ज्यांची साखर सुधारली त्यांच्यात प्रेव्होटेलाच जास्त होता. आणि भारतीय आतड्यांत तर हा मुबलक असतो, पुण्यातल्या संशोधकांनीच ते दाखवलंय. मग काय सगळ्या भारतीयांना वाईट जीवाणू झालेत म्हणायचं? कुठला जीवाणू, कुणाच्या पोटात, काय जेवणावर, हे सगळं मिळून ठरतं. टिपणात जीवाणूचं नाव लिहा, त्याला शिव्या किंवा हार नकोत.

कोकणी_फणस
अजून एक, 'मुळे' जपून वापरा. 'जीवाणूंमुळे डायबिटीस होतो' नको. २०१५ मध्ये असं दिसलं की डायबिटीसच्या पेशंटांच्या आतड्यातले जे फरक रोगाचे म्हणून सांगितले जात होते त्यातले बरेचसे मेटफॉर्मिन या डायबिटीसच्या गोळीचे होते. तुमच्या संघात निम्मे लोक ती गोळी घेत असतील.

सुलभाताई
शिवाय हे लठ्ठ माणसांचंच दुखणं आहे असं वाटू देऊ नका. पुण्याच्या केईएमचे डॉ. याज्ञिक आणि त्यांचे इंग्लंडमधले मित्र डॉ. युडकिन, दोघांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) एकच, २२.३, पण चरबी याज्ञिकांची २१.२ टक्के आणि युडकिनांची ९.१. त्यांनी स्वतःचाच फोटो 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापला होता २००४ साली. आपल्यात बारीक दिसणारे लोक गाफील राहतात.

शब्दवेडा
हे घेतोच ताई. शेवटचा शब्द राहिला, जरा नाजूक आहे. फीकल ट्रान्सप्लांट, म्हणजे एकाच्या विष्ठेतले जीवाणू दुसऱ्याच्या आतड्यात सोडणं. विष्ठा-प्रत्यारोपण?

चिंगी_पुणे
मल-प्रत्यारोपण तरी म्हण रे.

लॅबउंदीर
मल ठीक. प्रत्यारोपण मात्र फार मोठं वाटतं, किडनीसारखं, एकदा बसवलं की बसलं. ॲमस्टरडॅममध्ये सडपातळ दात्यांचा मल मेटाबोलिक सिंड्रोम (पोटाचा घेर, साखर, बीपी असं बरंच एकत्र वाढलेलं) असलेल्या पुरुषांना नळीने लहान आतड्यात दिला, सहा आठवड्यांनी त्यांच्या पेशी इन्सुलिनला जास्त दाद देत होत्या आणि ब्युटिरेट करणारे जीवाणूही वाढले होते, हे २०१२ चं. २०१७ मध्ये जास्त लोकांवर तेच केलं तर सहा आठवड्यांना परत सुधारणा, पण १८ आठवड्यांना ती गायब. रुजलंच नाही.

कोकणी_फणस
मग 'मल-दान' म्हणा. रक्तदान, नेत्रदान आणि हे. (हलके घ्या.)

सुलभाताई
शब्दवेडा, संघाचा कार्यक्रम चहा-बटाटेवड्याच्या आधी आहे का नंतर? आधी असेल तर हा परिच्छेद शेवटच्या पानावर टाका.