स्पूल टेपरेकॉर्डर: दुर्मीळ कोणता?

आजोबांचा ग्रुंडिग या जर्मन कंपनीचा स्पूल टेपरेकॉर्डर (उघड्या चकत्यांवर गुंडाळलेल्या फितीचा) दुर्मीळ म्हणून लाखभर रुपयांना जाईल का, असे आपण विचारले आहे. घरगुती ग्रुंडिग युरोपात प्रचंड संख्येने तयार झाले, त्यामुळे निव्वळ वयावर फार किंमत येत नाही. १९६७ साली आलेल्या, तीन मोटरी असलेल्या रेव्हॉक्स ए७७ या स्विस टेपरेकॉर्डरची गोष्ट वेगळी. पण तोही चालू स्थितीत असला तरच.

कोल्हापुरात मंगळवार पेठेतल्या आमच्या घरी मामांचे यंत्र बरीच वर्षे माळ्यावर पडून होते. उघडले तेव्हा आतला, चाके फिरवणारा रबरी पट्टा वितळून काकवीसारखा झाला होता, आणि तो स्पिरिटने पुसण्यात अख्खा रविवार गेला. विकणाऱ्याने ‘फक्त पट्टा बदला’ म्हटले, तरी हेडची, म्हणजे फितीवरचा आवाज वाचणाऱ्या भागाची, झीज पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत. अमेरिकेतून आणलेले यंत्र असेल, तर त्याची सिंक्रोनस मोटर (विजेच्या वारंवारतेनुसार वेग ठरणारी) तिथल्या ६० हर्ट्झच्या विजेसाठी असू शकते. आपल्या ५० हर्ट्झवर ती एक षष्ठांश मंद फिरते आणि गायिकेचा आवाज गायकासारखा ऐकू येतो.

माझ्या मते खरे मोल यंत्रासोबतच्या स्पूलांचे असते. त्यांत एखादी घरगुती मैफल असेल, तर तिची दुसरी प्रत बहुधा कुठेही नसते. म्हणून आधी ते डिजिटल करून घ्या, विक्रीचे नंतर बघू.