घोस्ट ऑफ त्सुशिमा: इझुहारामध्ये आधी काय उरकावं, आणि भालेवाल्यांचं काय करायचं?

वाऱ्यामागे

मंगोल आक्रमणाच्या काळातल्या जपानी बेटावरचा हा व्हिडिओ गेम खेळतोय: पीएस-फाइव्हवर डायरेक्टर्स कट (वाढीव आवृत्ती), डिफिकल्टी हार्ड. कथा अजून पहिल्याच भागात, इझुहारात आहे, कानेदा किल्ला बाकी आहे. नकाशा प्रश्नचिन्हांनी भरलाय. कोल्हे, बांबू, गरम पाण्याची कुंडं, हायकू, दीपगृहं, यातलं काय खरोखर उपयोगाचं आणि काय नुसतं शोभेचं हे कळत नाही.

दुसरी अडचण लढाईची. एकटा तलवारवाला सहज पडतो. पण तीन-चार जणांच्या घोळक्यात एक भालेवाला आणि एक ढालवाला असला की रिझॉल्व्ह (औषधपाणी आणि खास वारांचं इंधन) संपतो आणि तिथेच खेळ आटोपतो. कॅम्पमध्ये ओलीस असतील तर तेही मारले जातात. क्रम सुचवा. कथेतलं पुढचं काही फोडू नका, प्लीज.

तिसरा_वार

लढाईचं आधी बघू, कारण ते जमलं नाही तर बाकीची सगळी भटकंती जड जाते.

तू बहुतेक सगळ्यांशी स्टोन स्टान्सनेच लढतोयस (स्टान्स म्हणजे तलवारीचा पवित्रा). स्टोन फक्त तलवारवाल्यांसाठी. ढालवाल्याला वॉटर, भालेवाल्याला विंड आणि धिप्पाड गड्यांना मून. चुकीच्या स्टान्सने पण वार लागतात, पण समोरच्याचा गार्ड (बचाव) फुटत नाही. तेवढ्या वेळात बाजूचे दोघं तुला गाठतात. घोळक्यात मार खाण्याचं खरं कारण हेच आहे.

गार्ड फोडायला ट्रँगल बटणाचा जड वार, आणि गार्ड फुटल्यावर स्क्वेअरचे हलके वार. बरेच जण उलटं करतात: ढालीवर स्क्वेअर बडवत बसतात आणि माणूस उघडा पडला की ट्रँगल दाबतात. जड वाराला हात उचलून खाली यायला वेळ लागतो, तोवर समोरचा सावरतो.

स्टान्स उघडतात मंगोल म्होरक्यांमुळे. त्यांना मारलं तर मोजणी पुढे जातेच, पण लपून त्यांचं निरीक्षण केलं तरी जाते. त्यामुळे कॅम्पमध्ये शिरल्या शिरल्या म्होरक्यावर धावून जाऊ नकोस. गवतात किंवा छपरावर बस, तो कुठे सराव करतोय ते शोध, निरीक्षण पुरं होऊ दे आणि मग उतर. पहिल्या भागात ही शिस्त पाळलीस तर वॉटर आणि विंड कानेदाच्या बऱ्याच आधी हातात येतात.

आता भालेवाला. त्याचा वार लांबून येतो, म्हणून अंदाज चुकतो. वाराच्या टोकावर निळी चमक दिसली तर नुसतं एल-वन धरून ठेवल्याने तो अडत नाही. त्यासाठी टेक्निकमध्ये अनयील्डिंग स्पिअर पॅरी घ्यावी लागते आणि वार लागण्याच्या क्षणी एल-वन टॅप करावं लागतं. तलवारीसाठी याचीच वेगळी टेक्निक आहे, अनयील्डिंग सोर्ड पॅरी. सुरुवातीचे पॉइंट या दोघींवर खर्च कर. लाल चमक म्हणजे वार अडवायचा नाहीच, सर्कलने बाजूला व्हायचं. मागे सरकू नकोस, भाल्याची लांबी मागे पोचते. आडवा सरक.

विंडमधली लाथ भालेवाल्याला मागे फेकते. कड्याच्या किंवा धक्क्याच्या काठावर लढत असलास तर तेवढ्यानेच त्याचं काम होतं.

रानकोल्हा

वरच्यांनी लढाईचं नीट सांगितलंय, मी भटकंतीचं सांगते.

ताकद वाढवणाऱ्या गोष्टी चारच आहेत. गरम पाण्याच्या कुंडात बसलं की एकूण हेल्थ वाढते. बांबू कापले की रिझॉल्व्हचे गोळे वाढतात, आणि औषधपाणी रिझॉल्व्हमधूनच होतं हे लक्षात ठेवा. कोल्ह्याच्या मागे जाऊन इनारीच्या देवळीला नमस्कार केला की छोट्या चार्मच्या (ताकद देणाऱ्या ताइतांच्या) जागा उघडतात. आणि शिंतो मंदिरं चढून वर गेलात की मोठे चार्म मिळतात. अख्ख्या त्सुशिमावर कुंडं 18, बांबूच्या जागा 16, कोल्ह्याच्या गुहा 49 आणि मंदिरं 16. सगळं एका दमात करायची अजिबात गरज नाही. इझुहारातल्या बांबूच्या जागा आणि कुंडं मात्र कानेदाच्या आधी नक्की उरका. पहिली वाढ पटकन मिळते, पुढे एका वाढीसाठी जास्त जागा कराव्या लागतात. म्हणून लवकर केलेल्याचा फायदा जास्त काळ मिळतो.

बांबूबद्दल एक गोष्ट खेळ स्वतःहून सांगत नाही. वेळ सुरू होते ती तुम्ही पहिलं बटण दाबल्यावर. त्याआधी कितीही वेळ उभं राहता येतं. त्यामुळे बटणांची ओळ आधी मनात दोन-तीनदा म्हणून घ्या. तीन खुंट असतात, तिसऱ्याची ओळ सगळ्यात लांब. ती दोन-दोन, तीन-तीनच्या तुकड्यांत पाठ केली की बोटं अडखळत नाहीत. चुकलं तर काही जात नाही, पुन्हा करता येतं.

कोल्हा पुढे पळून गेला तर घाबरू नका, तो थांबून वाट बघतो. देवळीपाशी पोचल्यावर लगेच निघू नका. कधी कधी कोल्हा तिथेच घुटमळतो आणि त्याला कुरवाळायचं बटण येतं. ताकद त्याने वाढत नाही, पण तेवढा वेळ द्यावा असं ते दृश्य आहे.

शिंतो मंदिरात वाट हरवली तर लाल तोरी (मंदिराची कमान) शोधा. वाट तोऱ्यांच्या रेषेतूनच जाते. सगळ्या बाजूंनी फिरून पण पुढे कडाच लागत असेल तर ती जागा बहुधा लोखंडी आकड्याची आहे. आकडा अजून मिळाला नसेल तर सोडा आणि नंतर या.

हायकू, मानाचे खांब आणि त्यातून मिळणाऱ्या कपाळपट्ट्या, तलवारीची म्यानं, हे सगळं रूपासाठी. हायकूत चुकीचं उत्तर नसतंच. तीन ओळी, प्रत्येक ओळीला समोरच्या देखाव्यातली एक गोष्ट निवडायची. जिथे थांबावंसं वाटतं तिथे थांबा, ताकदीच्या हिशोबाने त्यांच्यामागे धावू नका.

आणि फिरताना ट्रॅव्हलर्स अटायर अंगावर ठेवा. त्याने नकाशावरचं धुकं जास्त रुंद साफ होतं आणि वारा वस्तूंकडे वळवता येतो. जवळ आलात की कंट्रोलर थरथरतो. लढाईत हा पोशाख काही कामाचा नाही, कॅम्पजवळ आल्यावर बदला. प्रत्येक पोशाखाला चार्मचा वेगळा संच जोडून ठेवता येतो, त्यामुळे बदलायला दोन सेकंद लागतात.

नकाशेवाला

प्रश्नचिन्हांचा पसारा आवरायला सोपा उपाय आहे: आधी मंगोलांनी बळकावलेल्या जागा सोडवायच्या. जागा सुटली की तिच्याभोवतीचं गोल धुकं उडतं आणि त्या वर्तुळातली कुंडं, गुहा, बांबू आपोआप नकाशावर येतात. मग टचपॅड वर सरकवून वाऱ्याला विचारायचं, इतकंच. सोनेरी पक्षी दिसला तर वाट सोडून त्याच्या मागे जावं. तो नेहमी न सापडलेल्या जागीच नेतो.

कानेदाच्या आधी सगळं झालं पाहिजे अशी सक्ती कुठेच नाही. तोयोतामा (बेटाचा पुढचा भाग) उघडल्यावर पण इझुहाराला परत येता येतं. काही गोष्टी मात्र आधी केल्या तर पुढचा प्रवास हलका होतो. इशिकावा सेन्सेईंची (धनुर्विद्येचे गुरू) पहिली कथा केली की हाफबो, म्हणजे छोटं धनुष्य मिळतं. मासाकोबाईंच्या (कथेतल्या दुसऱ्या साथीदार) आणि इशिकावांच्या प्रत्येकी नऊ कथा आहेत, त्या भागाभागाने उघडत जातात. त्यामुळे सगळ्या एकदम संपवायचा प्रयत्न करू नका.

वादक सांगतो त्या दंतकथांपैकी इझुहारात तादायोरी आणि हेवनली स्ट्राइक या दोन आधी घ्या. तादायोरीचा पोशाख धनुष्याचा आहे. त्या कथेत वारा थेट ठिकाणावर नेत नाही, फक्त परिसर दाखवतो. चित्रातला देखावा समोरच्या जमिनीशी जुळवायचा आणि जांभळी फुलं जिकडे नेतील तिकडे जायचं. हेवनली स्ट्राइक तर लढाईच बदलून टाकतो. समोरच्याला अडवताच येत नाही असा वार, खर्च एक रिझॉल्व्ह. ढालवाला आणि भालेवाला एकत्र आले तर ढालवाल्यावर हा वार खर्च करा आणि भालेवाल्याला विंडने घ्या. हा वार शिकण्यासाठी आधी एक द्वंद्व जिंकावं लागतं. द्वंद्वात कुनाई (फेकायचे सुरे), बॉम्ब, धनुष्य काहीही चालत नाही, फक्त तलवार. म्हणून रिझॉल्व्ह भरून जा.

साहित्याचं गणित असं. कातानाला (तलवारीला) आधी लोखंड लागतं, पुढच्या पायऱ्यांना पोलाद आणि सोनं. लोखंड कॅम्पांमध्ये मुबलक मिळतं, पोलाद-सोनं तसं मिळत नाही. त्यामुळे ते जपून ठेवा, आधी तलवार. शिकारीची कातडी ट्रॅपरकडे न्या आणि पिशव्या मोठ्या करा. कुनाई जास्त मावले की प्रत्येक घोळक्यात फरक पडतो. चार्म ऑफ इनारी लावून फिरलात तर वेचलेलं साहित्य जास्त मिळतं. लोकांना मदत केलीत की ते तुमच्यासाठी भेटी ठेवून जातात. भेटींच्या वेदीकडे अधूनमधून फेरी मारत जा, बरेच जण ती विसरूनच जातात.

तिसरा_वार

ओलिसांचं राहिलं होतं. बोंब उठली की पहारेकरी ओलिसांना मारायला धावतात, म्हणून तिथे समोरून शिरायचंच नाही. आधी उंचावरून सगळा कॅम्प बघ. एल-टू धरून नेम धर, मनोऱ्यावरचे धनुर्धारी टिप, आणि मग ओलिसांच्या सगळ्यात जवळ असलेला पहारेकरी. एकाच वेळी दोघं उभे असतील तर विंड चाइम टाकून एकाला तिथून हलव. भ्रमाची सुई मिळाली असेल तर दूरच्या एखाद्या दांडग्यावर वापर. तो स्वतःच्याच माणसांवर तुटून पडतो आणि सगळ्यांचं लक्ष ओलिसांवरून हटतं.

ओलीस नसतील तिथे स्टँडऑफ (समोरासमोरचं आव्हान) घे. ट्रँगल धरायचं आणि समोरचा खरोखर झेपावला की सोडायचं. खरा वार आणि हुलकावणी यातला फरक त्याच्या हातात दिसत नाही, धडात दिसतो. हुलकावणीत खांदा हलतो पण शरीराचा भार मागेच असतो. वारात पूर्ण अंग पुढे येतं. तलवारीकडे बघत राहिलास की चुकशील, छातीकडे बघ. जिंकलास तर रिझॉल्व्ह भरतो. हरलास तर हेल्थ जेमतेम टिपूसभर उरते, म्हणून रिझॉल्व्ह शून्य असताना स्टँडऑफ मागू नकोस. साकाई क्लॅन आर्मर अंगावर असेल तर एका स्टँडऑफमध्ये पडणाऱ्यांची संख्या वाढते, आणि पाच-सहा जणांच्या टोळीला लढाई सुरू होण्याआधीच निम्मं करता येतं.

वाऱ्यामागे

फार उपयोग झाला. दोनच गोष्टी विचारतो. लपून मारलं, विष वापरलं, तर मान कमी होऊन शेवट बिघडतो का? कथेत सारखं तेच ऐकवतात. आणि इकी बेटावर (डायरेक्टर्स कटमधला वेगळा भाग) कधी जावं?

जुनी_पानं

मानाचं मीटर खेळात नाही. लपून मारल्याने कुठलंही दार बंद होत नाही. कथा तिच्या वाटेनेच जाते. फरक पडतो तो आभाळात: घोस्टच्या (लपून मारायच्या) वाटेने जास्त लढलात तर वादळ-पाऊस जास्त येतो. नकोसा झाला तर बासरी वाजवा. कबरींजवळचे गाणारे किडे गोळा करत गेलात की नवे सूर मिळतात आणि त्यांनी हवामान बदलता येतं.

मानाच्या भाषेबद्दल एक सांगावंसं वाटतं, कारण ते इतिहासाशी जोडलेलं आहे. 1274 मध्ये कुबलाई खानाचं आरमार कोमोदाच्या किनाऱ्यावर उतरलं ते खरं. त्सुशिमाचा सरदार सो सुकेकुनी साधारण 80 स्वार घेऊन समोर गेला आणि मारला गेला, तेही खरं. खेळातला शत्रू खोतुन खान आणि नायक जिन मात्र काल्पनिक आहेत. हायकू त्या काळी नव्हते, ते कित्येक शतकांनंतरचे. आणि तेव्हाचे सामुराई स्वार आधी धनुर्धारी होते, कमरेला ताची (लांब वाकडी तलवार) लटकवत. म्हणजे इशिकावांच्या कथांमधला धनुष्याचा मान हा खेळातला इतिहासाच्या सर्वांत जवळचा भाग म्हणता येईल.

खेळाने खऱ्या बेटाला परतफेडही केली आहे. 2020 मध्ये वादळात वाताझुमी मंदिराचं तोरी पडलं. पुजाऱ्यांनी 50 लाख येनची मदत मागितली, आणि खेळाच्या चाहत्यांमुळे 2 कोटी 70 लाखांहून जास्त जमले.

नकाशेवाला

इकीचं: तोयोतामा उघडल्यावर वाट मोकळी होते, पण लगेच जाऊ नका. चारही स्टान्स हातात असू द्या. तिथले काही शत्रू लढता लढता हत्यार बदलतात. ढाल टाकून भाला उचलला की तुमचाही स्टान्स त्याच क्षणी बदलला पाहिजे. शिवाय तिथे शामान असतात. ते मागे उभे राहून मंत्र म्हणतात, आणि तो सूर चालू असेपर्यंत आजूबाजूचे सगळे जास्त चवताळून लढतात. घोळक्यात शिरण्याआधी कान द्या. मंत्राचा आवाज आला तर तो कुठून येतोय ते हेरा आणि पहिला बाण त्यालाच मारा. बाण संपले असतील तर धुराचा गोळा टाकून घोळका ओलांडा आणि आधी त्याला गाठा.